कॅमेरा ट्रॅप लावताना चुकतं कुठे? गोव्यातल्या जंगलकाठच्या सर्वेक्षणाचा पूर्ण क्रम

सत्तरी, धारबांदोडा, सांगे, काणकोण या तालुक्यांत जंगल संपतं कुठे आणि काजूची बाग सुरू होते कुठे, हे सांगणं कठीण असतं. गवा, रानडुक्कर, साळिंदर, बिबट्या या सीमा मानत नाहीत. अशा भागात कोणते प्राणी वावरतात हे समजून घ्यायला कॅमेरा ट्रॅप, म्हणजे प्राणी समोरून गेला की आपोआप फोटो काढणारा कॅमेरा, फार चांगला. यंत्र लहान आहे, झाडाला बांधायला दहा मिनिटं पुरतात, आणि त्यामुळेच घोटाळा होतो. आधी कॅमेरे बांधले जातात, मग फोटो जमतात आणि शेवटी विचारलं जातं, "आता यातून काय सांगता येईल?" तोवर उशीर झालेला असतो.

पहिली गोष्ट पक्की धरा: फोटोंची संख्या म्हणजे प्राण्यांची संख्या नव्हे. चाळीस फोटो एकाच बिबट्याचे असू शकतात. एकही फोटो मिळाला नाही म्हणून प्राणी नाही, असंही ठरत नाही. फोटोंवरून लोकसंख्येबद्दल काही म्हणायचं, तर पुढचे टप्पे याच क्रमाने घ्यावे लागतात. उदाहरण म्हणून २० कॅमेरे आणि ४० दिवसांचं सर्वेक्षण धरलं आहे. गावपातळीची जैवविविधता समिती किंवा महाविद्यालयाचा विभाग एवढं पेलू शकतो.

## टप्पा १ : प्रश्न एका वाक्यात लिहा

प्रश्न दोन प्रकारचे असतात आणि त्यांची मांडणी वेगळी असते.

पहिला प्रश्न "कुठे आहे?" असा. उदाहरणार्थ, जवादी मांजर कुळागरात (पोफळी-नारळाच्या बागेत) जास्त ठिकाणी आढळतं की काजूच्या बागेत? याला व्याप्तीचं सर्वेक्षण म्हणतात. प्रत्येक ठिकाणी त्या जातीची नोंद झाली की नाही, एवढंच लागतं. प्राण्याची वैयक्तिक ओळख लागत नाही.

दुसरा प्रश्न "किती आहेत?" असा. कॅमेऱ्यावरून याचं नीट उत्तर मिळतं ते अंगावरच्या खुणांवरून एकेक प्राणी ओळखता येतो तेव्हाच. बिबट्याचे ठिपके आणि वाघाचे पट्टे प्रत्येकाचे वेगळे असतात. गवा, सांबर (इकडे मेरू), भेकर, रानडुक्कर, कोळसून (रानकुत्रा) यांची अशी ओळख पटत नाही. "कॅमेऱ्यात ६० गवे आले" हे वाक्य अहवालात लिहूच नये. एकच कळप आठवडाभर त्याच वाटेने पाणी प्यायला जाऊ शकतो. खुरवाल्या प्राण्यांची घनता काढायची तर ठरलेल्या सरळ रेषेवर चालत, दिसलेल्या प्राण्याचं अंतर आणि कोन मोजण्याची पद्धत वापरतात. ती वेगळी शिकावी लागते.

२० कॅमेऱ्यांत व्याप्तीचा प्रश्न सुटतो. बिबट्यांची घनता काढायची तर एका ठिकाणी दोन कॅमेरे लागतात. म्हणजे २० कॅमेऱ्यांत फक्त १० ठिकाणं होतात, आणि एवढ्याशा जागेत बिबट्यांच्या पुरेशा नोंदी मिळणं अवघड. एकदा ओळखलेले बिबटे पुन्हा टिपले गेल्याच्या निदान २० नोंदी हाती नसतील, तर घनतेचा आकडा काढण्याच्या भरीस पडू नका.

तपासा : प्रश्नात जात, जागा आणि काळ हे तिन्ही आले का? "आमच्या डोंगरातले प्राणी" हा प्रश्न नव्हे.

## टप्पा २ : परवानगी आणि गाव

म्हादई, भगवान महावीर, नेत्रावळी, खोतीगाव आणि बोंडला या अभयारण्यांत अभ्यासासाठी जायला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली लेखी परवानगी लागते. मोलेच्या राष्ट्रीय उद्यानाचंही तसंच. अर्जात कॅमेऱ्यांची संख्या, जागांचा नकाशा, तारखा, माणसांची नावं आणि माहिती कोणाला देणार हे सगळं द्या. हातात किमान तीन महिने ठेवा. अभयारण्याबाहेरच्या राखीव वनासाठीही वनखात्याला आधी विचारावं लागतं.

बाकीची जमीन कोणाची हे आधी शोधा. खाजगी कुळागर, कोमुनिदादीची (गांवकारांच्या जुन्या संस्थेची) सामाईक जमीन, देवस्थानची राई, सरकारी डोंगर हे एकमेकांना लागून असतात आणि जागेवर दिसायला सारखेच दिसतात. देवराईत कॅमेरा लावायचा तर देवस्थान समितीला आणि गांवकारांना विचारा. नाही म्हटलं तर ती जागा सोडा आणि कोणती जागा का सोडली याची नोंद ठेवा.

वाड्यावर एक बैठक घ्या. कॅमेरा कसा दिसतो ते दाखवा आणि माणसांच्या फोटोंचं काय करणार ते स्पष्ट सांगा. बायका लाकूडफाट्याला, व्हाळावर कपडे धुवायला त्याच वाटांनी जातात. आंघोळीच्या आणि कपडे धुण्याच्या जागेकडे कॅमेऱ्याचं तोंड कधीही करू नका. प्रत्येक कॅमेऱ्याजवळ मराठीत आणि कोंकणीत छोटी पाटी लावा. त्यावर कॅमेरा कशासाठी आहे, माणसांचे फोटो पुसले जातील आणि कोणाशी बोलायचं हे लिहा. ज्या गावात हे काम नीट होतं, तिथे कॅमेरे सहसा चोरीला जात नाहीत.

## टप्पा ३ : नकाशावर जाळी आखा

जागा जंगलात जाऊन ठरवायच्या नसतात. आधी नकाशावर जाळी आखायची आणि मग चालत जायचं. देशपातळीच्या व्याघ्रगणनेत २ चौरस किलोमीटरचा चौकोन धरतात, म्हणजे बाजू सुमारे १.४१ किलोमीटर. बिबट्यासाठी हे माप चालतं. २० चौकोन म्हणजे ४० चौरस किलोमीटर. जवादी मांजर, मुंगूस, साळिंदर यांच्यासाठी १ चौरस किलोमीटर पुरे.

आता प्रत्येक चौकोनाचा मध्यबिंदू काढा. कॅमेरा त्या बिंदूपासून १०० ते १५० मीटरच्या आतच लावायचा. हा नियम कंटाळवाणा वाटतो आणि सगळ्यात आधी तोच मोडला जातो. "तिथे पुढे एक मस्त पाणवठा आहे" म्हणून कॅमेरा अर्धा किलोमीटर सरकवला, की तो चौकोनाचा राहत नाही, पाणवठ्याचा होतो. एप्रिलमध्ये पाणवठ्यावर डोंगरभरचे प्राणी येतात. एका चौकोनात पाणवठा आणि दुसऱ्यात साधी पायवाट घेतली, तर दिसणारा फरक अधिवासाचा आहे की पाण्याचा हे कधीच कळणार नाही.

कुळागर, काजू आणि जंगल यांची तुलना करायची असेल तर तिन्हींच्या वाट्याला सारखे चौकोन यायला हवेत. जंगलात १५, कुळागरात ३ आणि काजूत २ अशा वाटणीतून काहीही निघत नाही.

घनतेच्या सर्वेक्षणात गोव्यात एक खास अडचण येते. आपला घाटाचा पट्टा अरुंद आहे आणि पूर्वेला तो कर्नाटकातल्या भीमगड अभयारण्याला आणि काळी व्याघ्र प्रकल्पाला, तर उत्तरेला महाराष्ट्रातल्या तिळारीच्या जंगलाला जोडलेला आहे. चोर्ला किंवा अनमोड घाटाजवळच्या कॅमेऱ्यात आलेला बिबट्या रात्रीतून राज्य बदलू शकतो. म्हणून गणितात कॅमेऱ्यांभोवती रुंद पट्टा धरावा लागतो आणि तो सीमेपलीकडे जातो. तो गोव्याच्या हद्दीवर कापला तर बिबट्यांची घनता फुगते. उलट त्याच पट्ट्यात साळावली किंवा अंजुणे धरणाचं पाणी येत असेल तर ते वगळा. बिबट्याचा मुक्काम पाण्यात असू शकत नाही.

तपासा : जीपीएसमध्ये डब्ल्यूजीएस ८४ हीच प्रणाली हवी. मीटरमध्ये काम करत असाल तर गोवा यूटीएमच्या ४३ उत्तर पट्ट्यात येतो. संपूर्ण गटाने अक्षांश-रेखांश एकाच पद्धतीने लिहावेत. १५.३० अंश आणि १५ अंश ३० मिनिटं यांत तब्बल ०.२ अंश म्हणजे सुमारे २२ किलोमीटरचा फरक आहे.

## टप्पा ४ : हंगाम ठरवा

पावसाळ्यात कॅमेरे लावू नका. जून ते सप्टेंबरमध्ये भिंगावर धुकं, आत ओल, समोर कमरेएवढं गवत. डिसेंबर ते मे हा काळ ठीक, पण तोही एकसारखा नसतो. फेब्रुवारी-मार्चपासून काजूचा हंगाम धरतो, पहाटेपासून बागांत माणसं असतात आणि बोंडं खायला साळिंदर, उदमांजर, रानडुक्कर येतात. शिमग्यात आणि जत्रेच्या दिवसांत देवळाकडे जाणाऱ्या वाटांवर रात्रभर वर्दळ. मार्चपासून वणव्याचीही भीती. म्हणून ४० दिवस एकाच हंगामात बसवा. डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीअखेरपर्यंतचा काळ सगळ्यात सोयीचा.

४० दिवसच का? समजा एखादी जात त्या चौकोनात आहे आणि पाच दिवसांत तिचा फोटो मिळण्याची शक्यता २० टक्के आहे. २० दिवस कॅमेरा ठेवला तर ती असूनही न सापडण्याची शक्यता सुमारे ४१ टक्के उरते. ४० दिवसांत ती १७ टक्क्यांवर येते. १५ दिवसांचं सर्वेक्षण करून "आमच्याकडे खवले मांजर उरलं नाही" असं म्हणणं धोक्याचं आहे. बिबट्यांच्या घनतेसाठी ४५ ते ६० दिवस धरतात. त्याहून लांबवू नये, कारण मग पिल्लं मोठी होतात, काही प्राणी मरतात, काही नवे येतात आणि "या काळात संख्या बदलली नाही" हे गृहीतक कोसळतं.

## टप्पा ५ : घरच्या टेबलावरची तयारी

निम्म्या चुका इथेच अडवता येतात. पुढची कामं एका दिवसात, एकाच ठिकाणी, सगळे कॅमेरे समोर मांडून करा.

१. प्रत्येक कॅमेऱ्याला, कार्डाला आणि पट्ट्याला एकच क्रमांक द्या. कॅमेरा ०७, कार्ड ०७. क्रमांक कॅमेऱ्याच्या आतल्या बाजूलाही लिहा. बाहेरचा स्टिकर ओलीने सुटतो.

२. घड्याळं एकाच मोबाइलवरून, २४ तासांच्या पद्धतीने लावा. तारखेची मांडणी तपासा. काही यंत्रांत महिना आधी येतो, मग ०५/०३ म्हणजे ५ मार्च की ३ मे हे नंतर कोणी सांगू शकत नाही. काही कॅमेऱ्यांत बॅटरी काढली की घड्याळ १ जानेवारीवर जातं. आपला कॅमेरा तसा आहे का हे बॅटरी काढून, घालून आजच पाहा.

३. सेटिंग सगळ्यांत सारखं ठेवा: फोटो, एका हालचालीला तीन, मधला थांबा शून्य किंवा जेवढा कमी असेल तेवढा. व्हिडिओ पाहायला छान वाटतो, पण बॅटरी खातो आणि दोन चित्रफितींच्या मध्ये कळपातला मागचा प्राणी निसटतो.

४. ३२ जीबीचं कार्ड पुरतं. ते संगणकावर नाही, त्याच कॅमेऱ्यात फॉरमॅट करा.

५. बॅटऱ्या सगळ्या एकाच कंपनीच्या, एकाच वयाच्या. जुनी-नवी मिसळली तर सगळ्यात कमकुवत बॅटरी बाकीच्यांना ओढते. लिथियम महाग पडते, पण रात्रीचा फ्लॅश अखेरपर्यंत लांबवर पोचतो. साधी अल्कलाइन उतरत जाते तसा फ्लॅश मंदावतो, आणि तिसऱ्या आठवड्यापासून मागचे प्राणी काळोखात हरवतात.

६. आत सिलिका जेलची पुडी ठेवा. रबराची कड बोटाने फिरवून पाहा. केसाएवढी फट असली तरी मुंग्या शिरतात आणि आत घर करतात.

कॅमेऱ्याचा प्रकार प्रश्नावर ठरतो. बिबट्या ओळखायचा तर पांढऱ्या फ्लॅशचा कॅमेरा ठिपके स्पष्ट दाखवतो, पण तो माणसांच्या आणि चोरांच्या नजरेत येतो. अवरक्त प्रकाशाचा कॅमेरा शांत, मात्र चालत्या प्राण्याचं चित्र पुसट येऊ शकतं. आपल्या जंगलात काळे बिबटे आहेत. त्यांचे ठिपके दिवसा सहसा दिसत नाहीत, पण अवरक्त प्रकाशातल्या फोटोत ते उमटतात आणि ओळख पटते. त्यामुळे घनतेच्या कामात हा मुद्दा आधीच लक्षात घ्या.

तपासा : सगळे कॅमेरे एक रात्र अंगणात चालू ठेवा. जो इथे बिघडतो तो डोंगरात बिघडणारच होता.

## टप्पा ६ : झाड, उंची, दिशा

हा टप्पा घाईत उरकू नका. एका ठिकाणासाठी पाऊण तास द्या.

कॅमेऱ्याचा संवेदक उष्णता आणि हालचाल एकत्र पाहतो. प्राण्याच्या अंगाचं तापमान मागच्या पार्श्वभूमीहून वेगळं असेल आणि तो संवेदकासमोरून आडवा जाईल, तेव्हा फोटो निघतो. यावरून बाकी सगळे नियम निघतात.

समोर तापलेला जांभा दगड नको. सड्यावर (डोंगरावरच्या उघड्या कातळावर) दुपारी दगड प्राण्याच्या अंगाएवढाच तापतो आणि समोरून गेलेलं भेकरही कॅमेऱ्याला "दिसत" नाही. तोंड पूर्वेला किंवा पश्चिमेला नको. उगवता-मावळता सूर्य थेट भिंगात आला की शेकडो रिकामे फोटो निघतात. उत्तर सगळ्यात चांगली.

झाड न हलणारं हवं. ऐन, किंदळ यांचं मांडीएवढं खोड उत्तम. कुळागरात पोफळीला कॅमेरा बांधण्याचा मोह होतो, पण पोफळ वाऱ्यात डोलते आणि दोन दिवसांत कार्ड भरतं. तिथे आंब्या-फणसाचं खोड शोधा, नाहीतर बांधावर खुंट ठोका. काजूच्या खाली झुकलेल्या फांद्याही असाच त्रास देतात. समोरच्या त्रिकोणी पट्ट्यातली हलणारी डहाळी बाजूला बांधा. परवानगीशिवाय काही तोडू नका, आणि अभयारण्याबाहेरही काही मुळापासून उपटू नका. जागा एकदम उघडी केली की सावध प्राणी वाट बदलतात.

उंची ३५ ते ४० सेंटीमीटर, म्हणजे साधारण गुडघा. ती झाडाच्या बुंध्यापासून नव्हे, प्राणी चालतो त्या वाटेच्या पृष्ठभागापासून मोजायची. घाटाच्या उतारावर ही चूक हमखास होते: झाड वाटेच्या वर असतं, कॅमेरा बुंध्यापासून ४० सेंटीमीटरवर बांधला जातो आणि प्रत्यक्षात तो वाटेपासून मीटरभर वर असतो. मग बिबट्याची पाठ तेवढी येते, मुंगूस येतच नाही. कॅमेऱ्यामागे काडी खुपसून भिंग वाटेच्या उताराला समांतर करा.

वाटेपासून अंतर ३ ते ४ मीटर. जवळ लावलात तर गव्याचं नुसतं पोट दिसतं, आणि रात्री फ्लॅशने चित्र पांढरंफटक होतं.

घनतेसाठी दोन कॅमेरे वाटेच्या दोन्ही बाजूंना लावायचे, कारण बिबट्याच्या डाव्या आणि उजव्या कुशीचे ठिपके वेगवेगळे असतात. एकाच बाजूचे फोटो असतील तर तोच बिबट्या दोनदा मोजला जातो. दोन्ही कॅमेरे अगदी समोरासमोर नकोत. एकाचा फ्लॅश दुसऱ्याच्या भिंगात जातो. दोन पावलं मागे-पुढे करा.

व्याप्तीच्या कामात आणखी एक प्रश्न येतो: वाटेवर लावायचा की वाटेबाहेर? बिबट्या आणि कोळसून वाटांनी चालतात, पिसोरी (हरणासारखा दिसणारा चिमुकला प्राणी) झुडपातून जाते. दोन्ही प्रकार ठेवायचे असतील तर प्रत्येक अधिवासात त्यांचं प्रमाण सारखं ठेवा आणि कोणता कॅमेरा कसला हे नोंदवा. आमिष घालू नका. सुकी मासळी ठेवली की एका जातीचे फोटो वाढतात आणि गावातली कुत्रीही येतात.

सावधान : बुंध्याशी हात घालण्यापूर्वी पाचोळा काठीने हलवून पाहा, नाकाड्या चापडा हा विषारी साप पाचोळ्यासारखाच दिसतो. कुळागराच्या कुंपणात वीज सोडलेली आहे का हे मालकाला विचारल्याशिवाय तारेला हात लावू नका.

सावधान : हाच हंगाम माकडतापाचा. सत्तरीत तो आढळलेला आहे आणि गोचीड चावल्याने होतो. पूर्ण बाह्या, पँट मोज्यात खोवलेली, परतल्यावर अंग तपासणं आणि कपडे गरम पाण्यात धुणं हे सगळ्यांना सक्तीचं करा. मेलेलं माकड किंवा वानर दिसलं तर जवळ जाऊ नका, आरोग्यखात्याला कळवा. नंतर ताप आला तर जंगलात गेल्याचं डॉक्टरांना आपणहून सांगा.

## टप्पा ७ : रांगून चाचणी, मग पाटी

कॅमेरा बांधला की चाचणीच्या स्थितीत टाका आणि वाटेवरून दोन्ही दिशांनी रांगत जा. उभं चालून काही कळत नाही; बिबट्याची खांद्याची उंची साधारण दोन फूट असते. दिवा लागला तर ठीक, नाही लागला तर कोन बदला आणि पुन्हा रांगा. लहान प्राण्यांसाठी जमिनीलगत हात फिरवून पाहा.

त्यानंतर यंत्र चालू करून पहिला फोटो पाटीचा घ्या. पाटीवर ठिकाणाचा क्रमांक, तारीख आणि मोबाइलवरची वेळ. शेवटी काढतानाही तसाच फोटो घ्या. घड्याळ पुढे-मागे सरकलं असेल तर ते या दोन फोटोंवरून दुरुस्त करता येतं, आणि कार्डांची अदलाबदल झाली तरी ती लगेच पकडता येते. जागा सोडण्याआधी यंत्र खरंच चालू आहे ना हे पुन्हा पाहा. चाचणीच्या स्थितीत सोडून आलेला कॅमेरा चाळीस दिवस काहीच टिपत नाही.

कागदावर तिथल्या तिथे नोंदवा: अक्षांश-रेखांश, कॅमेऱ्याचा क्रमांक, दिशा, उंची, वाट आहे की नाही, वरची सावली, जवळचं पाणी, जवळचं घर. घरी जाऊन आठवून लिहू नका.

## टप्पा ८ : मधली फेरी

बसवल्यावर १० ते १२ दिवसांनी एक फेरी करा, मग शेवटी काढायला जा. रोज उठून कॅमेरे पाहायला गेलात तर माणसाचा वास आणि वावर वाढतो.

फेरीत कार्ड बदला, भिंग मऊ कापडाने पुसा, जाळी झाडा, बॅटरीची पातळी आणि घड्याळ लिहा. वानरं कॅमेरा फिरवतात, गवे अंग घासून तो वर-खाली करतात. तोंड हललेलं असेल तर शेवटचा नीट फोटो कधीचा ते कार्डावरून काढा.

हे सगळं एका तक्त्यात जातं: ठिकाण, लावल्याची तारीख, काढल्याची तारीख, बंद पडल्याची तारीख, पुन्हा सुरू झाल्याची तारीख. सगळ्या सर्वेक्षणातला हा सर्वात महत्त्वाचा कागद. २० कॅमेरे ४० दिवस म्हणजे ८०० कॅमेरा-रात्री. तीन कॅमेरे १५ व्या दिवशीच बंद पडले असतील तर ७५ रात्री कमी झाल्या, उरल्या ७२५. हा तक्ता नसला की बंद कॅमेऱ्याच्या रात्री "प्राणी आला नाही" म्हणून मोजल्या जातात.

सावधान : वाटेत फासकी दिसली तर फोटो आणि ठिकाण टिपा, आणि लगेच वनरक्षकाला कळवा. कॅमेऱ्यात बंदूकधारी माणूस आला तरी तेच. तो फोटो गावात फिरवू नका. कॅमेऱ्यांचं आणि तुमच्या माणसांचं नुकसान होईल.

## टप्पा ९ : फोटोंची छाननी

मूळ कार्डाची प्रत दोन वेगळ्या डिस्कवर ठेवल्याशिवाय एकही फोटो पुसू नका. प्रत्येक ठिकाणाचं वेगळं फोल्डर करा.

रिकामे फोटो बाजूला काढायला मेगाडिटेक्टर हे मोफत साधन उपयोगी पडतं. ते प्राणी, माणूस आणि वाहन एवढंच सांगतं. जात सांगत नाही. त्याने रिकामे ठरवलेल्यांपैकी काहीशे फोटो स्वतः उघडून पाहा, विशेषतः रात्रीचे. पिसोरी आणि मुंगूस तिथेच सुटतात. माणसांचे फोटो ठरल्याप्रमाणे संख्या नोंदवून पुसा. गुरं आणि कुत्री मात्र नक्की नोंदवा. जंगलकाठी कुत्र्यांचा वावर हा छोट्या प्राण्यांच्या गैरहजेरीचा मोठा खुलासा असू शकतो.

जात दोघांनी स्वतंत्रपणे ओळखावी आणि मतभेद असतील ते तिसऱ्याने पाहावेत. पुढच्या जोड्यांत सगळ्यात जास्त गोंधळ होतो.

जवादी मांजर आणि उदमांजर: जवादीच्या अंगावर ठिपक्यांच्या रांगा आणि शेपटीवर कडी असतात, उदमांजराची शेपटी एकरंगी, काळसर. सह्याद्रीत तपकिरी उदमांजरही आहे. ते सगळं एकरंगी दिसतं, चेहऱ्यावर पांढरे डाग नसतात.

कोळसून आणि गावठी कुत्रा: कोळसुनाची शेपटी झुबकेदार आणि काळी, कान गोलसर. तांबूस गावठी कुत्र्याची शेपटी बहुधा वर वळलेली.

पिसोरी आणि भेकराचं पाडस: पिसोरीच्या अंगावर पांढरे ठिपके आणि आडवे पट्टे, गळ्यावर पांढऱ्या रेषा, आणि आकार सशाएवढा.

मुंगूस: शेपटीचं काळं टोक वर वळलेलं असेल तर तांबडं मुंगूस. मानेवर कानापासून खांद्यापर्यंत काळी रेघ असेल तर गळपट्ट्याचं.

खात्री नसेल तर "लहान मांजरवर्गीय, जात अनिश्चित" असं लिहा. अंदाजाने वाघाटी लिहून टाकलेली एक नोंद नकाशावर नवं ठिकाण तयार करते, आणि पुढचे लोक त्यावर विसंबतात.

## टप्पा १० : गणित

एकाच ठिकाणी एकाच जातीच्या दोन फोटोंमध्ये ३० मिनिटांहून कमी अंतर असेल तर ती एक घटना धरण्याचा प्रघात आहे. शंभर रात्रींमागे किती घटना, असा दर काढता येतो. पण तो जातीजातींत तुलना करायला वापरू नका. साळिंदराचा दर मुंगसापेक्षा दुप्पट आला म्हणून साळिंदरं दुप्पट ठरत नाहीत. मोठा प्राणी आणि वाटेने चालणारा प्राणी कॅमेऱ्यात सहज येतो.

व्याप्तीसाठी ४० दिवसांचे पाच-पाच दिवसांचे आठ भाग पाडा. प्रत्येक चौकोनासमोर आठ घरं: जात आली तर १, कॅमेरा चालू होता आणि आली नाही तर ०, कॅमेरा बंद होता तर रेघ. शून्य आणि रेघ यांची गफलत हीच सगळ्यात महागडी चूक, आणि ती निकालात दिसतही नाही. हे तक्ते कॅमट्रॅपआर हे पॅकेज करून देतं, पुढचं विश्लेषण अनमार्क्डमध्ये होतं. बिबट्यांच्या घनतेसाठी सीक्र. तिन्ही पॅकेजं आर या मोफत संगणक-प्रणालीत चालतात.

२० चौकोनांवर एका वेळी एक किंवा फार तर दोन घटकच तपासा: जंगलापासूनचं अंतर आणि कुत्र्यांचा वावर, असे. सहा-सात घटक भरले की काही ना काही संबंध योगायोगानेच दिसतो.

## टप्पा ११ : अहवाल आणि नकाशा

आकड्यासोबत त्याची वरची-खालची मर्यादा, कॅमेरा-रात्री, चौकोनाचं माप आणि तारखा द्या. "व्याप्ती ०.६, मर्यादा ०.३ ते ०.८" (म्हणजे अंदाजे ६० टक्के चौकोनांत ती जात आहे) असं आलं तर तसंच लिहा. बातमीत फक्त मधला आकडा जाईल याची भीती असेल तर मर्यादा मथळ्यातच घाला. न सापडलेल्या जातींबद्दल "या ४० दिवसांत नोंद झाली नाही" एवढंच म्हणा.

गावाला दोन पानांचा मराठी गोषवारा आणि पंचायतीच्या भिंतीवर लावायला मोठा नकाशा द्या. त्यावर चौकोन दाखवा, कॅमेऱ्याच्या जागा दाखवू नका. खवले मांजर, वाघ, बिबट्याची गुहा यांची अचूक ठिकाणं फक्त वनखात्याकडे जावीत. बाकी सर्वत्र अक्षांश-रेखांश दशांशाच्या दोन स्थळांपर्यंत ठेवा. म्हणजे सुमारे एक किलोमीटरची संदिग्धता राहते. मोबाइलने काढलेल्या फोटोंत ठिकाण दडलेलं असतं, ते काढून टाकल्यावरच फोटो पुढे पाठवा. कॅमेरा चालू-बंद असण्याचा तक्ता, कच्ची नोंदवही आणि वापरलेली सेटिंग एकाच फोल्डरात ठेवून वनखात्याला आणि पंचायतीच्या समितीला प्रत द्या. दोन वर्षांनी तेच चौकोन, तेच महिने, तीच उंची धरून पुन्हा सर्वेक्षण करायचं झालं, तर या फोल्डराशिवाय ते करता येणार नाही.